सुटावा म्हणून घातलेला टाका

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा गाळा होता. शेठ त्याला फॅक्टरी म्हणायचे, सुपरवायझर युनिट म्हणायचा आणि आम्ही बायका गाळाच म्हणायचो, कारण खाली गाड्या धुण्याचं गॅरेज, मधे आम्ही आणि डोक्यावर पापडवाले. सुरुवातीला आम्ही शाळेची दप्तरं शिवायचो. मग प्रवासाच्या बॅगा आल्या, मग मोटारींची सीट कव्हरं. सीमेवर लढाई पेटली आणि महिनाभरात आम्ही सैन्याच्या गाड्यांच्या सीटा शिवायला लागलो. आमच्यात बदल काहीच झाला नव्हता. त्याच बायका, तेच पंखे, तीच एक मोरी. फक्त भिंतीवर झेंडा आला आणि झेंड्याखाली टार्गेटचा बोर्ड.

दहिसरला चाळीत कुणी विचारलं, "काय गं, हल्ली लय बिझी?" की मी सांगायचे, "जवानांच्या बुडाखालचं बघते." लोक हसायचे. पण ते खरंच होतं. गाड्या चिलखती होत्या. त्यांचे लोखंडी सांगाडे कुठेतरी लांब, मोठ्या कंपनीच्या कारखान्यात रांगेनं तयार व्हायचे आणि सीटा आमच्याकडून जायच्या. या गाड्यांत सीट जमिनीला ठोकत नाहीत. छताला पट्ट्यांनी टांगतात. खालून सुरुंग फुटला तर धक्का सरळ माणसाला बसू नये म्हणून. एवढं आम्हाला सांगितलं होतं. यापलीकडे काही सांगायला कुणाला सवड नव्हती. पहिल्या आठवड्यात मोठ्या कंपनीचा माणूस येऊन नमुना दाखवून गेला, हा दोरा इथे, तो दोरा तिथे, आणि निघाला.

माझं काम पट्टा कापायचं. तापलेल्या पात्यानं नायलॉनचा जाड पट्टा मापात कापायचा, म्हणजे टोक वितळून बंद होतं. त्या जळक्या वासानं माझे केस असे भरलेले असायचे की बसमधे शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची. मला बरंच वाटायचं, जागा मोकळी मिळायची.

माझ्यासमोर मावशी बसायची. मढची कोळीण. सकाळी तरीतून वर्सोव्याला यायची आणि तिथून बस. उभं आयुष्य डोक्यावर टोपली घेऊन अंधेरीच्या सोसायट्यांमधे मासळी विकली, गुडघे गेले, मग शिलाईला बसली. हाताला मात्र जाळं विणायची, जाळं सांधायची लहानपणापासूनची सवय. आमच्या गाळ्यातली सगळ्यात पक्की शिलाई तिची. तिला येऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती कंत्राटीच. कायम व्हायची वेळ जवळ आली की कंत्राटदार ब्रेक द्यायचा. म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नवीन म्हणून लागायचं. दर वेळी ती नवीन म्हणून लागायची आणि आम्हाला शिकवायला बसायची.

कायम व्हायचं तिला फार होतं. पैशासाठी म्हणाल तर तेवढं नाही. एकदा जेवताना म्हणाली, "मना एकदा पगारी आजारी पडायचा हाय गो."

आम्ही खूप हसलो.

"हसता काय? टोपली होती तवा ताप आला तरी दारोदार. मासली थांबत नाय. इथं बी तसाच. एकदा मना नुसता पडून रावाचा हाय, नि कुनी पगार दिला पायजे." ती गंभीर होती. एवढंच तिचं स्वप्न होतं, आणि लढाई लागल्यावर शेठनी तेच तिच्या नाकासमोर धरलं. ऑर्डर वेळेत पुरी झाली आणि ज्या बाईचा माल परत आला नाही, तिला कायम करणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवसापासून मावशी मुतायलासुद्धा उठेना.

त्या दिवसांतला गाळा आठवला की मला अजून संताप येतो. मशिनं दुप्पट झाली, जागा तेवढीच. एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत. सुई बोटातून आरपार गेली तर बोटाला चिंधी गुंडाळून पुढचा पट्टा घ्यायचा. कुणी कुरकुरली की सुपरवायझर म्हणायचा, "तिकडं पोरं गोळ्या खातात आणि तुला सुई टोचली?" यावर बोलणार काय? देशाचं नाव घेतलं की माणसाला कसंही राबवता येतं, हे मला त्या वर्षी कळलं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर लढाई बघायचो. एकदा आपलीच एक गाडी जळताना दाखवली. सुपरवायझर मागून वाकून बघत होता. तो म्हणाला, "चला, अजून एक गाडी लागणार," आणि खरं सांगते, दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. वाईट नव्हत्या त्या. ओव्हरटाइमवर घरं चालली होती त्यांची.

सगळ्यात हलकट रीत होती गळ्यात पट्टा घालायची. सीट तयार झाल्यावर खाली गॅरेजच्या बाजूला आमची पोरं ती ओढून-ताणून बघायची आणि गठ्ठे बांधायची. घाईत हिसका बसला की एक विशिष्ट पट्टा हमखास उसवायचा. त्या पट्ट्याला मधे दुमड होती, आणि दुमडीवर बारीक पिवळ्या दोऱ्याच्या आडव्या ओळी घालायच्या असा नमुना होता. बाकी सगळीकडे जाड काळा दोरा, फक्त या दुमडीवर हा बारीक पिवळा. तो सारखा सुटायचा. सुटलेला पट्टा वर परत आला की सुपरवायझर तो जिचा असेल तिच्या गळ्यात घालायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत दाराशी उभं करायचा. येणारे-जाणारे, पापडवाल्या पोरी, गॅरेजवाले, सगळे बघायचे. लग्न ठरलेली एक मुलगी अशी उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

मावशीच्या गळ्यात तो पट्टा कधी आला नाही. कारण ती पिवळ्या ओळी घालून झाल्या की दुमडीच्या आत, दिसणार नाही अशी, जाड काळ्या दोऱ्याची आणखी एक शिलाई मारायची. मी समोरच बसायचे, मला दिसायचं. मी विचारलं तर म्हणाली, "ह्यो पिवला दोरा कुठल्या शान्यानं दिला? जाल्याची गाठ आमी एकदा मारून थांबत नाय. येवरी मोठी पोरं टांगायची नि दोरा राखीचा?"

मला पटलं. कुणालाही पटलं असतं. सुपरवायझरलाही पटलं. एक दिवस त्यानं तिचा पट्टा उचलून दोन्ही हातांनी ताणला, पाय लावून ताणला, आणि सगळ्यांना दाखवला. "बघा. असं शिवा. मावशीसारखं शिवा." मग आणखी दोघी-तिघी तशा शिवायला लागल्या आणि माल परत येणं जवळजवळ थांबलं. आधी दर खेपेतला एखादा पट्टा ताणून, तोडून तपासायचा नियम होता. तो केव्हाच बंद झाला होता. तपासायला वेळ नव्हता, खाली ट्रक उभा असायचा.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एक सीट परत आली. नवीन नव्हे, वापरलेली. मोठ्या कंपनीचा इंजिनिअर ती गोणपाटात बांधून स्वतः घेऊन आला. तिशीचा असेल, दाढी वाढलेली, आल्यावर पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यानं गोणपाट माझ्याच टेबलावर सोडलं. सीट मातीनं भरली होती, एका बाजूला काळपटलेली. वरचे पट्टे मात्र जसेच्या तसे. सुरुंगावरून गेलेल्या गाडीतली सीट आहे, एवढं तो म्हणाला आणि आम्ही सगळ्या भोवती जमलो.

मावशीनं पट्टा हातात घेतला आणि पदरानं माती पुसली. स्वतःची शिलाई तिनं लगेच ओळखली, ती ओळीच्या शेवटाला उलटा टाका तिरका घ्यायची. तिचा चेहरा असा फुलला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "बघ गो, बघ! बॉम फुटला नि एक टाका सुटला नाय!" ती पट्टा प्रत्येकीच्या हातात देत होती. आम्हीही भारावलो. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. सुपरवायझर पुढे येऊन म्हणाला, "आमच्याकडं क्वालिटीत नो कॉम्प्रमाइज, साहेब."

"हा कुणी शिवलाय?" इंजिनिअरनं विचारलं.

"मी!" मावशीनं शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला.

त्यानं माझ्याकडे ब्लेड मागितलं. दुमड उकलली. आतली काळी शिलाई बाहेर आली तेव्हा त्यानं तिच्यावरून नख फिरवलं. मग बोलला, आणि आवाज न चढवता बोलला, म्हणून ते जास्त लागलं.

"बाई, हा सुटायला हवा होता."

तिला कळलं नाही. आम्हालाही कळलं नाही. मग त्यानं पट्टा हातात धरून दाखवलं. खालून स्फोट झाला की गाडी वर उडते. त्या वेळी दुमडीवरच्या पिवळ्या ओळी एकेक करून उसवत जातात, पट्टा लांब होतो आणि माणूस हळू खाली येतो. धक्का दोरा खातो. दोरा त्यासाठीच बारीक. तो तुटावा म्हणूनच घातलेला. आणि तो तुटला नाही, तर सगळा धक्का मणक्यावर.

"गाडीला भोकसुद्धा पडलं नाही," तो म्हणाला. "बाकीच्या सीटा उसवल्या. ती पोरं उठून चालत बाहेर आली. या सीटवरचा कमरेखाली गेला."

"म्हंजे?"

"म्हणजे पाय गेले. आहेत, पण गेले. आता आयुष्यभर पडून."

पंखे चालू होते आणि एकही मशिन चालू नव्हतं. मावशीनं पट्टा खाली ठेवला नाही. "कितीचा हाय?" तिनं विचारलं.

"बावीस-तेवीस."

"जित्ता हाय ना पन?"

"हो," तो म्हणाला. "त्यालाच वाईट वाटतंय जिवंत असल्याचं." हे बोलायची काही गरज नव्हती. त्यालाही ते बोलल्यावर कळलं असावं, कारण तो खिडकीकडे वळला. पण शब्द गेला तो गेला. मावशी मशिनच्या स्टुलावर बसली, पट्टा मांडीवर घेऊन.

माझं डोकं फिरलं. सुपरवायझर भिंतीला चिकटून सरकत होता, मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तूच म्हणालास ना, मावशीसारखं शिवा म्हणून? पाय लावून ताणून दाखवलंस ना? बोल की आता."

"तू कापायचं काम कर," तो म्हणाला. "तुला कुणी विचारलंय?"

मग शेठ आले आणि इंजिनिअरला केबिनमधे घेऊन गेले. केबिन कसली, प्लायवूडचा आडोसा. आत शिंकलं तरी बाहेर ऐकू यायचं. इंजिनिअर म्हणत होता, वर कळवायला पाहिजे, असे पट्टे किती गाड्यांत गेलेत ते शोधून गाड्या थांबवल्या पाहिजेत. शेठ समजुतीच्या सुरात बोलत होते. लढाई चालू असताना गाड्या थांबवायच्या? पोरांनी काय ट्रकमधून फिरायचं? आणि नमुना समजावून न सांगता निघून गेला तो माणूस तुमचाच ना? तपासणी बंद ठेवून माल घाईनं कुणी मागितला? यावर इंजिनिअर काय बोलला ते नीट ऐकू आलं नाही. आवाज खाली गेला होता. शेवटी शेठचं एक वाक्य मात्र स्पष्ट आलं. "त्या बाईला मी कायम करतोय. बाहेर गेली तर बोलत सुटेल. आत राहिली तर आपली."

मावशीनंही ते ऐकलं. तिचं कायम होणं असं ठरलं.

गाड्या थांबवल्या की नाही, मला माहीत नाही. आमच्यापर्यंत तसं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या शिलाईच्या टेबलांवरून काळ्या दोऱ्याची रिळं उचललेली होती, बस्स. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. टार्गेटचा बोर्ड पुसून त्यावर नवीन आकडा लिहिला होता.

मावशी कामाला येत राहिली. डबा उघडायची, बोंबलाचं कालवण माझ्या झाकणात घालायची आणि स्वतः नुसतं पाणी प्यायची. जन्मभर न सुटणारी गाठ मारलेला हात आता सुटणारी शिलाई घालत होता, आणि प्रत्येक ओळ झाली की ती मला दाखवायची. "ही सुटंल ना गो? नीट बघ. सुटंल ना?" मी म्हणायचे, सुटेल. तिला खरं वाटायचं नाही.

मी तिला सरळ सांगितलं, सोड ही नोकरी. मासळी विक, सुनेच्या जिवावर बस, काहीही कर, पण इथे थांबू नकोस.

"सोडून जाव नि कोन आली नवीन, तिनं घातला जाडा दोरा तर? तिला कोन सांगल? ह्यो सांगल?" तिनं हनुवटीनं सुपरवायझरकडे दाखवलं.

मग तिनं पत्ता विचारायला सुरुवात केली. सुपरवायझरला विचारलं, त्या पोराचं गाव कुठलं. तो म्हणाला, मिलिटरीचं गुपित असतं, विचारलंस तर पोलीस येतील. हिशोबनीसाला विचारलं. गठ्ठे न्यायला येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला विचारलं, जसं काही तोच त्याला घरी सोडून आला होता. बायका आधी हळहळल्या, मग कंटाळल्या, मग चिडवायला लागल्या. "मावशी, सोयरीक जुळवायची काय?" असं एकजण म्हणाली. मी तिच्या अंगावर धावून गेले, पण हसल्या त्या हसल्याच.

"भेटून करणार काय तू?" मी एकदा विचारलं.

"त्याच्या आयशीला सांगन. माज्या हातानं झाला म्हनून सांगन. जानून नाय केला म्हनून सांगन."

"तू कशाला? शेठनी सांगावं."

"शेठ शिवत नाय," मावशी म्हणाली.

दर वर्षी आमच्या गाळ्यात सत्यनारायणाची पूजा असायची. त्या वर्षी दणक्यात केली. मशिनं भिंतीला ढकलली, केळीचे खांब बांधले, जिन्यापर्यंत पताका लावल्या, भाड्यानं माइक आणला. मोठ्या कंपनीचे साहेब आले होते. इंजिनिअरही आला होता, दाढी केलेला. आम्हाला वाटलं होतं, तो तरी येणार नाही. आरतीआधी सत्कार ठेवला होता, कारण आरती आणि प्रसादाआधी कुणी जात नाही.

मावशी हिरवं लुगडं नेसून आली होती, अंबाड्यात अबोली. तिनं यावं असं मला वाटत नव्हतं. ती म्हणाली होती, "सगले मोठे सायब येतील. त्यांना ठाव असंल."

शेठ माइकवर छान बोलतात. त्यांनी जवानांना वंदन केलं, कंपनीचे आभार मानले, मग मावशीला पुढे बोलावलं आणि तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "या माऊलीनं इतक्या वर्षांत शिवलेला एक टाका, एकसुद्धा टाका, कधी सुटला नाही!" असं ते म्हणाले. ज्यांना माहीत होतं त्यांच्यासमोर म्हणाले. इंजिनिअर पायांकडे बघत होता. "आजपासून मावशी आपल्या कंपनीत कायम!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पापडवाल्या पोरी जिन्यातून शिट्ट्या मारत होत्या. मावशीनं माइककडे हात केला. तिला आभार मानायचे असतील, असं समजून शेठनी माइक तिच्यापुढे धरला.

"सायब," ती म्हणाली, "त्या पोराचा घर कुठं हाय? मना जावाचा हाय."

बऱ्याच जणांना काही कळलं नाही. पाहुणे साहेब हसऱ्या चेहऱ्यानं शेठकडे बघायला लागले. शेठ गडबडले नाहीत. माइक त्यांनी हळूच आपल्याकडे ओढला, "मावशी आज फार भावुक झाल्यात," असं म्हणाले आणि भटजींना खूण केली. भटजींनी घंटा वाजवली. लगेच झांजा सुरू झाल्या, सगळे उठून उभे राहिले, आणि आरती इतक्या मोठ्यानं सुरू झाली की खालच्या गॅरेजवालेही वर आले.

मी मधल्या माणसांना ढकलत तिच्याजवळ गेले. तिला बाहेर न्यावं, एवढंच डोक्यात होतं. पण आपल्या लोकांचं असं आहे की आरती सुरू झाली की हात आपसूक वाजायला लागतात, मग घरात काहीही घडलेलं असो. मावशीनं नारळ काखेत धरला होता, शाल एका खांद्यावरून लोंबत होती, आणि तिचे दोन्ही हात तालात टाळ्या वाजवत होते. साहेब तिच्याकडे बघून कौतुकानं मान हलवत होते. तिचे ओठही हलत होते. मी अगदी कानाशी गेले तेव्हा मला ऐकू आलं. ती आरती म्हणत नव्हती. घर कुठं हाय, घर कुठं हाय, असं ती त्याच चालीवर, टाळी न चुकवता विचारत होती.